गेल्या गुरुवारची सही

चहा निवायच्या आत माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर आमचे बाबा सांगतील, आणि ते मीठमसाला लावून सांगतात.

तेव्हा उज्जैनला, नानाखेड्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. मुंबईच्या एका कंपनीचं अधिकृत केंद्र मला मिळणार होतं. करारावर मंगळवारी साडेचारपर्यंत डिजिटल सही झाली नाही, तर केंद्र देवासच्या माणसाला जाणार होतं.

डिजिटल सही म्हणजे काय? पेन नाही, शाई नाही. पासवर्ड टाकायचा, सही कॉम्प्युटर करतो आणि तारीख-वेळही तोच टाकतो. माझी सही सोमवारीच मंजूर होऊन आली होती. गल्लीभर सांगत फिरलो मी.

मंगळवारी सकाळी बाबा पंचांग घेऊन क्लासात हजर.

"आज अवस आहे. सही नको करू."

"बाबा, कॉम्प्युटरला अवस-पुनव नसते."

"त्याला नसेल. सही तर तुझी आहे ना?"

मी तरी पासवर्ड टाकायला घेतला.

"गेल्या गुरुवारची तारीख टाक," बाबा म्हणाले. "सकाळी दहा-चाळीस. फर्स्टक्लास मुहूर्त होता. कागदावर मागची तारीख टाकतातच की लोक, उसमें क्या है?"

मी विज्ञानाचा पदवीधर, वर दुसऱ्यांना कॉम्प्युटर शिकवणारा. मी काय केलं असेल? कॉम्प्युटरचं घड्याळ गेल्या गुरुवारवर नेलं, सही ठोकली, करार पाठवला आणि मॉनिटरला कुंकवाचं बोट लावलं.

चार वाजता मुंबईहून कंपनीच्या मॅडमचा फोन.

"सर, तुमची सही काल तयार झाली. मग ती तुम्ही गेल्या गुरुवारी कशी केलीत?"

"मॅडम, त्याचं असं आहे, आमच्याकडे मुहूर्त..."

"ही बाद आहे, सर. साडेचारच्या आत नवी करा."

बाबांनी पुन्हा पंचांग उघडलं. "साडेचारपर्यंत राहुकाळ आहे रे. थोडा रुक जा."

मला डोळ्यांपुढे देवासवाला दिसत होता. घड्याळ आजवर आणलं आणि अवसेच्या दिवशी, भर राहुकाळात, चार वाजून बारा मिनिटांनी सही केली. हात थरथरत होता, पण सही सरळ आली. डिजिटलचा तेवढा एक फायदा.

केंद्र मिळालं. पुढच्या महिन्यात मुंबईला ट्रेनिंग. मॅडमनी नाव झाकून एक करार पडद्यावर दाखवला. ही चूक कोणी करू नये म्हणून. सगळा हॉल हसला, सगळ्यांत मोठ्यानं मी.

शेजारच्यानं विचारलं, "कोण हो हा महाभाग?"

"असेल देवासचा कोणीतरी."

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आता उज्जैनचे सर पुढे येऊन सांगतील, मुहूर्त नेमका कोणता होता ते."