उडत्या म्हशींचा पहिला नंबर

"पयला आला! माझा दत्तू पयला आला गं!"

सासूबाई अंगणातून अख्ख्या कडाव गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या. (भिवपुरीच्या वीजकेंद्रातले दोन दिवे बहुधा त्या आवाजावरच लागले असावेत.) मी आत पाटावर बसलो होतो. कपाळाला कुंकू, डोक्याला टोपी, समोर ताट. आणि मला पक्कं ठाऊक होतं की दत्तू पहिला आलेला नाही. तो सहावा आला होता. सहांपैकी! आणि सहावा ठेवणारा मीच!

दत्तू माझा धाकटा मेहुणा. पहाटे म्हशी पिळतो, सकाळी दूध कर्जतला पोचवतो आणि दुपारी कादंबरी लिहितो. विज्ञान आणि अद्भुत कादंबऱ्यांच्या एका वाचक-पुरस्कारासाठी निवडलेल्या सहांत त्याची पहिलीवहिली कादंबरी होती. मत देणार आमच्यासारखे सभासद वाचक; सहाही पुस्तकांना पसंतीचे क्रम लावायचे. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती आणि नेमका मी धोंड्याच्या जेवणाला सासुरवाडीत! (अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. हा मान जावई पुढच्या अधिक महिन्यापर्यंत पोटावर वागवतो.)

मी वाचक प्रामाणिक. खोपोलीहून निघताना सहाही पुस्तकं पिशवीत घातली आणि सासूबाईंच्या खिडकीत क्रमानं रचली. सगळ्यात वर शनीच्या चंद्रावर एकटीच पंप दुरुस्त करत बसलेल्या म्हातारीची गोष्ट. ती वाचताना मी असा रडलो की शोभा, म्हणजे बायको, घरात कांदा कोण चिरतंय ते बघायला आली. तिच्याखाली कालप्रवासी पोलीस. मग सह्याद्रीतला ड्रॅगन. त्यात नकाशे इतके की गोष्टीपर्यंत पोचायला रिक्षा करावी लागते. चौथा प्रेमात पडलेला यंत्रमानव. (यंत्र बरं होतं, प्रेम गंजलेलं.) पाचवी मंगळावरची भाऊबंदकी, जाडी विटेएवढी.

आणि तळाला दत्तू. त्याच्या उडत्या म्हशी फक्कड! शपथेवर सांगतो, माथेरानच्या डोंगरावरून त्या उडतात तेव्हा आपणही मान वर करतो. पण नायक चार वेळा मरतो आणि दर वेळी पुढच्या प्रकरणात चहा पिताना सापडतो. कसा, ते विचारायची सोय नाही.

"आई, तो गठ्ठा हलवू नका हं," पाटावर बसता बसता मी म्हणालो. "नंबर लावलेत."

इथेच घात झाला. कारण सासूबाईंचा सगळा जन्म तांदळाच्या भाकऱ्या थापण्यात गेलेला. त्यांच्या टोपलीत पहिली भाकरी तळाला जाते, दुसरी तिच्यावर आणि शेवटची सगळ्यात वर. त्यांनी गठ्ठा पाहिला, तळाशी मुलाच्या पुस्तकावरची म्हैस ओळखली आणि थेट अंगण गाठलं!

त्यांच्यामागोमाग रिकाम्या किटल्या घेऊन दत्तू दारात.

"दाजी, खरंच पयला?"

त्या चेहऱ्याकडे बघून खरं सांगायला काळीज दगडाचं हवं. तरी मी मन घट्ट केलं, तोंड उघडलं, आणि सासूबाईंनी त्यात अख्खा धोंडा कोंबला!

मी जोरजोरात मान हलवली.

"नको काय म्हणता जावयबापू! लाजू नका!" म्हणत त्यांनी दुसरा कोंबला. (सासुरवाडीत जावयानं मान कशीही हलवली तरी तिचा अर्थ 'अजून वाढा' असाच होतो.)

"यांचे हात तुपात बुडालेत," शोभानं माझा मोबाईल उचलला. "मत मीच पाठवते. आई, खालून धरू ना गं?"

"खालूनच! भाकऱ्या काय वरून मोजतात व्हय?"

मी उठायला गेलो. "पानावरनं उठू नये!" म्हणून दत्तूनंच प्रेमानं मला खाली दाबलं. डोळ्यांदेखत शोभाचं बोट चालत होतं. म्हशी एक. भाऊबंदकी दोन. आणि माझी म्हातारी, शनीचा तो सगळा अंधार एकटीनं झेललेली माझी म्हातारी, सहावी!

"गेलं," शोभा म्हणाली. मी गिळलं. दत्तू माझ्या पाया पडला. शेजारणी आत आल्या, पेढे आले, आणि पुरस्कार जाहीर व्हायच्या आधीच त्याची मिरवणूक तेवढी काढायची राहिली.

पुढे निकाल लागला. भाऊबंदकी जिंकली. म्हातारी थोडक्यात हरली. किती थोडक्यात ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही. दत्तू खरवस घेऊन खोपोलीला आला. चेहरा शांत.

"दाजी, मला पयल्या पसंतीचं एकच मत पडलं."

"ते माझं!" मी छाती फुगवली. मग डोक्यात आलं. "एकच? अरे, तूही सभासद ना? मग तुझं स्वतःचं?"

"मी म्हातारीला दिलं. लय भारी लिवलंय. तिच्यापुढं माजं कायच नाय." त्यानं खरवसाचा डबा टेबलावर ठेवला. "तुमी तिला कितवी ठेवलीत?"

खरं सांगावं तर त्याचा सहावा नंबर उघडा पडतो. मी खरवस तोंडात घातला.

"सहावी," स्वयंपाकघरातून शोभानं सांगून टाकलं.

दत्तूनं खरवसाच्या डब्याला झाकण लावलं.

"दाजी," तो म्हणाला, "तुमी म्हशींचीच पुस्तकं वाचत जा."