एकशे अठ्ठेचाळीसपासून पुढचे अंक

रुखमाबाईला कुणी खोटारडी म्हटलं असतं, तर ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागची अख्खी गल्ली त्याच्या अंगावर धावून गेली असती. ब्लाऊजचं उरलेलं कापड चिंधीसकट परत करणारी बाई ती. आणि हीच बाई रोज संध्याकाळी पाच वाजता, चहा झाल्यावर, आपल्या नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलू लागली होती. तेही कशावरून, तर निळं चिलखत घातलेल्या एका कागदी माणसावरून. आता बोला.

नवरा रामाजी, तोही टेलरच. पुढच्या खोलीत दोघांच्या दोन मशिनी. त्याच्याकडे शर्टपँट, हिच्याकडे ब्लाऊज. रामाजीला सुपारीचंही व्यसन नव्हतं. व्यसन एकच, नीलकवच. हिंदी कॉमिक्स, एकूण एकशे साठ अंक. हा नीलकवच दिवसा टपाल निवडून लावणारा साधा कारकून, आणि संकट आलं की निळं चिलखत चढवून डॉक्टर तिमिरच्या मागे लागणारा. लहानपणी रामाजी भाड्याच्या लायब्ररीतून हे अंक आणायचा, पण हाती लागेल तो. एका अंकात नीलकवचचं लग्न झालेलं, पुढच्यात साखरपुडा. काल मेलेला तिमिर आज आरामात चहा पीत बसलेला. डोक्याचं पार भजं व्हायचं.

पुढे ती लायब्ररी बंद पडली आणि मालकानं सगळी ट्रंकच रामाजीला देऊन टाकली. तेव्हा त्यानं ठरवलं, एकदा तरी एकपासून एकशे साठपर्यंत, ओळीनं, एकही न गाळता वाचायचं. ठरवलं खरं, पण गिऱ्हाईकं, पोरीची शाळा, मग पोरीचं लग्न. ट्रंक दहा वर्षं खाटेखाली पडून राहिली. शेवटी मुहूर्त लागला, रामाजी शहाण्णवपर्यंत पोचला, आणि शुगरनं डोळे नेले. नागपूरला डोळ्यांत सुया टोचून झाल्या. एका डोळ्यात अंधार, दुसऱ्यात नुसता खिडकीचा उजेड.

मग तो रुखमाला म्हणाला, "तू वाच."

"एवढा बाप्या माणूस, अन् लेकरायचे पुस्तकं," असं जन्मभर कुरकुरलेली बाई वाचायला बसली. सुरुवातीला राशनची यादी वाचावी तसं वाचलं. पण एकशे दहाव्या अंकापर्यंत ती त्यात अशी गुंतली की हूक लावताना मधेच हात थांबायचा, आणि तिमिरनं टपालाची तिजोरी फोडली की नाही याचा विचार सुरू व्हायचा. एकशे विसाव्याला तर तिला चैन पडेना. "अजून एक वाचू का?" तीच विचारायची.

"नाई. एका दिवशी एकच अंक," रामाजी म्हणायचा. "बाकी उद्या."

एकशे एकतिसाव्या अंकाच्या दिवशी तिनं सहज, अजून किती उरलेत म्हणून ट्रंकेतला गठ्ठा उचलला. खाली पत्रा दिसला. गठ्ठ्यातला शेवटचा अंक एकशे सत्तेचाळिसावा होता.

तिला आठवलं. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद, पण बायांचे ब्लाऊज काही बंद नव्हते. मापाचे नमुने कापायला खाकी कागद मिळेना. तेव्हा तिनं ट्रंकेच्या तळातून अंक काढले, पिना उपसल्या, पानं खळीनं एकमेकांना चिकटवली आणि कात्री चालवली. एकशे अठ्ठेचाळीस ते एकशे साठ. तेरा अंक. पुस्तकाला पाय लागला म्हणून पोरीला धपाटा घालणारी बाई ती. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर जेवढी पुस्तकं होती, त्यांची धूळ ती दर रविवारी स्वतः पुसायची. पण कॉमिक्स तिच्या लेखी पुस्तकच नव्हतं. कागद होता, छापलेला.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. उरले सोळा दिवस, मग पंधरा, मग चौदा. एका ब्लाऊजची डावी बाही उजवीकडे जोडली, उसवली, पुन्हा डावीच उजवीकडे जोडली. शेजारच्या रिनाला मोबाईलवर शोधायला लावलं. ते अंक कुठंच नव्हते. सांगून टाकावं असं रोज सकाळी ठरवायची आणि दुपारी तिचं धाडस संपायचं. दिसेनासं झाल्यापासून त्या माणसानं एवढी एकच गोष्ट मागितली होती हो, आणि तीच तिनं कापून ठेवली होती. वर तिला स्वतःलाही पुढं काय झालं ते कळायला हवं होतं. करायला गेली काय आणि भोगतेय काय, अशी तिची गत.

एकशे सत्तेचाळिसाव्या अंकाच्या शेवटी नीलकवचचं चिलखत तडकलं आणि तो धरणात पडला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता रुखमानं खिळ्याला टांगलेले नमुने खाली काढले आणि मांडीवर घेतले. एका पाठीच्या तुकड्यावर तिमिरच्या मिशा होत्या. छातीच्या एका कटोरीवर "नहीं" एवढंच. गळ्याच्या जागी तर भोकच. जे होतं ते तिनं वाचलं, नव्हतं ते मनानं जोडलं. नीलकवचला एका मासेमारानं बाहेर काढलं. एकशे एकोणपन्नासाव्यात त्याची बायको त्याला रागावली, की तब्येत सांभाळत नाही, गोळ्या वेळेवर घेत नाही. एकशे पन्नासाव्यात दोघं बसनं नागपूरला गेली.

"नागपूरले कायले गेला तो?" रामाजीनं विचारलं.

"काम होतं त्याचं. मधात नोका बोलू."

रामाजी नुसता हुंकार द्यायचा. त्या हुंकारानं तिला अजूनच धडकी भरायची. नक्की ओळखलं, नाही ओळखलं, ओळखलं, असं तिचं दिवसभर चालायचं.

एकशे बावन्नावा अंक सांगून झाला आणि रामाजीनं हात पुढं केला. "दे इकडं. हातात घेतो जरा."

एरवी ती पटकन एखादा जुना अंक त्याच्या हाती द्यायची. त्या दिवशी तो बाजूला नव्हता, आणि रामाजीची बोटं सरळ तिच्या मांडीवरच्या कागदावर आली. तीस-पस्तीस वर्षं कापड ओळखलेली बोटं ती. कडेवरून फिरली, वळणावर थांबली, परत फिरली.

"हा त मुंढा हाय," तो म्हणाला. "बाहीचा कागद हाय हा."

मग रुखमाच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं. लॉकडाऊन, कागद, खळ, तेरा अंक. "मंगलीच्या ब्लाऊजच्या बाहीवर हाय एकशे बावन," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "मी कापले. मीच कापले."

"आपल्या घरात पुस्तक कापलं?" रामाजी एवढंच बोलला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. त्यानं हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा दिला, प्यायला, कप खाली ठेवला. रुखमा मशीनवर बसली, पण सुई कुठं चाललीय याकडं तिचं ध्यानच नव्हतं. संध्याकाळचा तो तास अंगावर येत होता. दोनदा उठून पाणी पिऊन आली. एवढा राग धरण्यापेक्षा दोन शिव्या द्या म्हणावं, पण तेही म्हणवेना.

चौथ्या दिवशी मंगली ब्लाऊज न्यायला येणार होती, ते काही झालेलं नव्हतं. पाचच्या सुमारास खाटेवरून आवाज आला, "रुखमा. एकशे त्रेपन."

"नाई ना तो," ती मशीनवरूनच म्हणाली. "कुठून आणू?"

"तुह्या मनचा सांग."

"अन् खरं काय झालं ते? तुमाले जन्मभराची ओढ होती ना त्याची?"

रामाजीनं तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. मग म्हणाला, "होती. आता नाई. तू वाचाले बसली, तवापासून मी अंक मोजून राह्यलो. एकशे साठ संपला की तू मशीनवर जाशीन, अन् मी इथी एकटाच खिडकीकडं पाहत बसन. म्हणून त एकच अंक म्हणत होतो. मले भेव वाटे अंक संपाचं."

महिनाभर या बाईच्या डोळ्याला डोळा नव्हता, आणि हा माणूस खाटेवर बसून भलत्याच गोष्टीला भीत होता. तिला राग आला, रडू आलं, आणि दोन्ही एकदमच आलं.

"हे तोंडानं सांगाले काय झालं होतं?" ती म्हणाली. "मी काय तुमच्याजवळ कॉमिक्ससाठी बसत होती काय?"

"मले काय मालूम," रामाजी म्हणाला. "पहिले कधी बसली नाई."

ते खरंच होतं. चौतीस वर्षं दोघं एकाच खोलीत, दोन मशिनींवर, पाठीला पाठ लावून बसली होती. रुखमानं मंगलीचं ब्लाऊज गुंडाळून बाजूला ठेवलं आणि खाटेवर त्याच्या शेजारी जाऊन बसली. एकशे त्रेपन्नावा अंक तिनं दिवेलागणीपर्यंत लांबवला, मंगली येऊन दारातून हाका मारून गेली तरी थांबली नाही, आणि तो काही तिनं त्या दिवशी संपवला नाही.