प्रोव्हिजनल टेबलावरचे काका

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला, की जवळपासची शहाणी माणसं दोन पावलं मागे सरकायची. मग काका समोरच्याच्या छातीशी जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हात लावून बघ. लावून तर बघ!" समोरचा अमेरिकन असला तरी हे वाक्य मराठीतच यायचं, आणि ते त्याला बरोबर कळायचं. तेवढ्यात कुठूनतरी काकूंचा शांत आवाज यायचा, "अहो, चष्मा घाला." बहुतेक वेळा काका घालायचे. नेहमीच नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. पार्टीला बोलवायची भीती वाटते, आणि न बोलवायची त्याहून जास्त.

अमेरिकेतलं चँडलर शहर मागे टाकून वाळवंटाच्या दिशेने गाडी हाणत राहिलं की आमचं गाव लागतं. तिथे काका माझ्या शेजारी राहायचे. मूळचे बार्शीचे. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मेन्टेनन्समध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. मराठी मंडळाच्या पिकनिकला व्हॉलीबॉलची मॅच होती, त्यात अंपायरने त्यांचा बॉल आउट दिला. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी नेटचा खांब उपटला, खांद्यावर टाकला आणि घरी निघून गेले. गणपतीत आरती संपायच्या आत डीजेने गाणं लावलं, तर त्या पोराला कॉलर धरून त्यांनी मखराशेजारी उभं केलं आणि उरलेली आरती त्याच्याकडून म्हणवून घेतली. पोराला मराठी येत नव्हतं.

हे सगळं हसून सांगता येतं. एक गोष्ट हसून सांगता येत नाही. कारखान्यात एका सुपरवायझरने एका व्हिएतनामी टेक्निशियन बाईला सगळ्यांसमोर धक्का मारून भिंतीवर आदळलं. काकांनी त्याचं नाक फोडलं. त्या बाईने साक्ष दिली म्हणून नोकरी वाचली, पण बढती कायमची गेली. मी एकदा विचारलं होतं, "काका, वाईट वाटतं का हो त्याचं?"

"नाक फोडलं त्याचं नाही वाटत," ते म्हणाले. "पण मारताना मला बरं वाटलं, अगं. ते वाईट."

रिटायर झाल्यावर काका दिवसभर घरात, म्हणजे भांडायला फक्त काकू. मुलगी शिकागोला वकील. तिने फोनवर सुनावलं, "बाबा, यू नीड समथिंग टू डू. जिथे ओरडणं अलाउडच नाही." आणि तिनेच त्यांना मतदान केंद्रावर काम करायला नाव द्यायला लावलं. त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून काकूंनी मलाही नाव द्यायला लावलं.

काकांना टेबल मिळालं प्रोव्हिजनल मतांचं. यादीत नाव सापडत नाही, पत्ता जुळत नाही, अशा माणसाला परत पाठवायचं नाही. त्याने शपथेवर सही करायची, मत द्यायचं आणि ते पाकिटात बंद करायचं. पाकिटावर टेबलावरच्या माणसाने सही करायची. तो माणूस खरा मतदार आहे की नाही ते काउंटी, म्हणजे आमच्या जिल्ह्याची कचेरी, नंतर तपासते आणि मगच मत मोजते. साहजिकच त्या टेबलाशी येणारा प्रत्येक जण आधीच तापलेला असतो. काका खूष होते. "माझ्याकडे सगळे भांडायलाच येतात," ते म्हणायचे. "घरच्यासारखं वाटतं."

ओरडणारा माणूस आला की काका त्याला मनसोक्त ओरडू द्यायचे, अधूनमधून दाद दिल्यासारखी मान हलवायचे आणि तो दमला की पाकीट पुढे करायचे. दोन निवडणुका अशा छान गेल्या.

तिसरीत काउंटीच्या बोर्डाच्या एका जागेसाठी अटीतटीची लढत होती. मतदान गुप्त असतं हे काकांना मान्य नव्हतं. आपण कोणाला मत दिलं हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, आणि त्याच्या विरोधात उभा असलेल्या माणसाला ते 'चोर' म्हणायचे. नाव घ्यायचेच नाहीत. चोर काय म्हणाला, चोराचं पोस्टर कुठे लागलं. चोरी काय केली याचा पुरावा नव्हता. काकांना तो लागतही नसे.

आमचं केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. जवळच ट्रेलर पार्क आहे, चाकांवरच्या घरांची वसाहत. उन्हाळ्यात तिथल्या घरांचे नंबर बदलले होते आणि नवे नंबर यादीत चढलेच नव्हते. दुपारनंतर कामावरून सुटलेली तिथली माणसं येऊ लागली. माझ्या टेबलावर एकाचाही पत्ता जुळेना. मी एकेकाला काकांकडे पाठवत गेले. रांग दारापर्यंत गेली. बहुतेक सगळी मेक्सिकन वळणाची नावं.

तेवढ्यात तो माणूस आत शिरला. उंच, दाढीवाला, हातात फोन. रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडासमोर फोन धरून व्हिडिओ काढत तो ओरडू लागला, की ही माणसं बाहेरून आणलेली आहेत, ही मतं खोटी आहेत. आमच्या मुख्य बाईंनी त्याला बाहेर जायला सांगितलं. त्याने शर्ट वर उचलून कमरेचं पिस्तूल दाखवलं. कोणाचं तरी बाळ तेवढं रडत होतं.

काकांच्या समोर एक म्हातारी बाई पाकीट चिकटवत होती. दाढीवाल्याने तिचं मनगट धरलं आणि पाकीट सोडवण्यासाठी पिरगाळलं. ती किंचाळली.

मी काकांकडे पाहिलं. चष्मा खिशात गेला होता.

"काका, नको!" मी ओरडले.

त्याने पहिला ठोसा काकांच्या छातीवर मारला. खिशातला चष्मा चुरा झाला, काच शर्टातून आत घुसली. दुसरा ठोसा नाकावर. मग काकांनी टेबलासकट त्याला भिंतीवर ढकललं. पाकिटं फरशीवर पसरली. पासष्ट उलटलेले काका एका हाताने त्याचा पिस्तुलाकडे जाणारा हात दाबून धरत होते आणि दुसऱ्या हाताने त्याचा गळा. त्याचा चेहरा लाल झाला, मग काळपट. काकांच्या नाकातलं रक्त त्याच्या दाढीवर ठिबकत होतं. रांगेतले दोघं धावले, त्यांनी पिस्तूल काढून घेतलं. तरी काकांची पकड सुटेना. मी त्यांचा दंड धरून अक्षरशः लोंबकळले.

"काका, मरेल तो!"

तेव्हा त्यांनी सोडलं. आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

पोलीस त्याला घेऊन गेले. काकांना घरी जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. ते नाकात कापूस कोंबून पुन्हा खुर्चीवर बसले, कारण रांग अजून तशीच उभी होती. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा चेहरा धूसर दिसायचा, अक्षर तर नाहीच. शेवटच्या माणसाचं मत पाकिटात जाईपर्यंत ते बसून राहिले. पण त्या गोंधळात आणि अंधुक नजरेत त्यांच्या सह्या राहिल्या. काही पाकिटांवर चुकीच्या जागी पडल्या, बऱ्याच पाकिटांवर पडल्याच नाहीत.

बाकी सगळी मतं मोजून झाल्यावर काकांचा उमेदवार केसभर पुढे होता. उरली होती फक्त प्रोव्हिजनल पाकिटं, आणि त्यातला मोठा गठ्ठा आमच्या हॉलमधला. ती माणसं खरी, पत्ते खरे, हे काउंटीने तपासलं होतं. वाद एवढाच होता की कर्मचाऱ्याची सही नसलेलं पाकीट उघडायचं की फेकून द्यायचं. ट्रेलर पार्कने कोणाला मत दिलं असेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. चोराला.

निवडणूक मंडळाने सुनावणी ठेवली आणि काकांना साक्षीला बोलावलं. कोणीतरी काकांचं नाव, पत्ता, घराचा फोटो इंटरनेटवर टाकला. फोन सुरू झाले. एका आवाजाने काकूंना सांगितलं की तुझ्या नवऱ्याला त्याच्याच झाडाला टांगू. काकूंनी विचारलं, "कोणतं झाड? आमच्याकडे फक्त कढीपत्ता आहे." त्या हे मला हसत सांगत होत्या, पण सांगता सांगता त्यांनी घराचे सगळे पडदे ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून कोणीतरी गोळी झाडली. स्वयंपाकघराची खिडकी फोडून ती मसाल्याच्या फळीत घुसली. मी धावत गेले तर ओट्यावर, फरशीवर, काकूंच्या केसात गोडा मसाला आणि काचा. घरभर तो वास. काका फळीतलं भोक बोटाने चाचपत उभे होते. काकू नेहमी जिथे डोकं टेकून चहा उकळायची वाट बघायच्या, त्याच्या वीतभर वर.

मुलगी फोनवर रडत होती. "बाबा, जस्ट से यू डोन्ट रिमेंबर. प्लीज. कोणी काही म्हणणार नाही."

मीही म्हणाले, "काका, ती मतं गेली तर तुमचाच माणूस निवडून येतो. 'आठवत नाही' एवढंच तर म्हणायचं."

"आठवतं ना पण," काका म्हणाले. "चूक मी केली. मार बसायचा तर मला बसेल. त्यांची मतं कशाला मरायची?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या केसातली काच काढत होत्या. "जाऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "नाही गेले तर इथे मला छळतील."

सुनावणीच्या दिवशी कचेरीबाहेर दोन्ही बाजूंची गर्दी होती. झेंडे, भोंगे, शिव्या. आम्ही आत जाताना कोणीतरी काकांच्या तोंडावर थुंकलं. त्यांनी बाहीने गाल पुसला आणि काकूंचा हात धरून चालत राहिले. मी त्यांचा जबडा पाहत होते. दगडासारखा झाला होता.

काकांच्याच उमेदवाराचा वकील तरणाबांड होता. त्याने कारखान्यातलं नाक शोधून काढलं होतं. "तुम्ही हिंसक माणूस आहात, बरोबर?"

"येस," काका म्हणाले.

वकिलाला इतक्या लवकर उत्तर नको होतं. तो जरा अडखळला. "मग अशा माणसाच्या शब्दावर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

काका आपल्या बार्शी इंग्लिशमध्ये सावकाश म्हणाले, "माझ्यावर ठेवू नका. मी चुकलो. सही माझी राहिली, त्यांची नाही. ती माणसं डोळ्यांसमोर रक्त सांडलेलं पाहून पळून नाही गेली. रांगेत उभी राहिली. प्रत्येकाने माझ्यासमोर शपथ घेतली, माझ्यासमोर पाकीट बंद केलं. मी ज्याला मत दिलं तो यामुळे पडेल. पडू दे."

मागून कोणीतरी ओरडलं, "ट्रेटर!" अध्यक्षांनी हातोडा आपटला. मंडळातल्या दोघांनी मोजा म्हटलं, एकाने नको. पाकिटं उघडायचं ठरलं.

आम्ही मागच्या दाराने निघालो. भर दुपार होती, पार्किंगमध्ये ऊन नुसतं चकाकत होतं. गाडीपाशी पाच-सहा जण उभे होते. एक तरुण, इस्त्रीचा शर्ट, छातीवर काकांच्याच उमेदवाराचा बिल्ला, हातात झेंड्याचा लोखंडी दांडा. त्याने काकूंना ढकललं. बहुधा त्या मध्ये आल्या म्हणून. काकू डांबरावर पडल्या.

पुढे काय होणार हे मला माहीत होतं, असं मला वाटलं. काका त्याच्यावर तुटून पडले नाहीत. ते काकूंवर पडले. त्यांनी काकूंना पूर्ण झाकलं, दोन्ही हात त्यांच्या डोक्याभोवती गुंडाळले. दांडा पाठीवर बसला, मानेवर बसला. तिसऱ्या फटक्याचा आवाज वेगळा आला. मी त्या पोराचा शर्ट ओढत किंचाळत होते, कोणाचा तरी बूट माझ्या बरगडीत बसला, मीही खाली. तिथून मला काका दिसत होते. त्यांना उठता येत होतं. अजून येत होतं. पण उठायला काकूंच्या डोक्यावरचे हात काढावे लागले असते.

पोलीस धावत आले तोवर डांबरावर रक्त वाळायलाही लागलं होतं.

डोक्यात रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, पण काका धड शुद्धीवर आलेच नाहीत. मधूनच डोळे उघडायचे, हात झाडायचे, नळ्या उपटायचे. म्हणून नर्सने त्यांची दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधली. शिकागोहून मुलगी आली होती. तिला ते बघवायचं नाही, ती बाहेर जाऊन बसायची.

निकाल लागला त्या दिवशी मी काकूंजवळ होते. फोनवर बातमी वाचून त्यांना सांगितली. त्या वाकल्या आणि काकांच्या कानात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? मोजली सगळी. तुमचा चोर निवडून आला."

काकांचे डोळे उघडले नाहीत. पण उजवा हात ताडकन उठला. पट्टी ताणली गेली, पलंगाचा दांडा खडखडला. पुन्हा एकदा. मॉनिटर ओरडायला लागला आणि काकू हसायला लागल्या. गोळी आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच खरं हसताना पाहत होते. हसता हसताच त्यांनी त्या मनगटाची पट्टी सोडली.

नर्स धावत आली. "मॅम, वी हॅव टू टाय दॅट हँड."

काका त्याच आठवड्यात गेले. काकू आता शिकागोला असतात आणि बाजूच्या घरात नवे लोक आलेत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र काकू अजून तशाच उभ्या आहेत. पलंग आणि नर्स यांच्या मधोमध, पाच फुटांचीही नसलेली ती बाई, नवऱ्याचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत धरून.

"नो," त्या म्हणाल्या. "लेट हिम फाइट."