ऐकू आलं तर दाबा

दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारी, कान तपासायची खोली आहे. त्या खोलीत आणखी एक खोली, कपाटाहून थोडी मोठी, आतून फोम लावलेली, एका बाजूला काच. आत पेशंट बसतो, बाहेर यंत्रापुढे ताई. सगळा दवाखाना त्यांना टूंताई म्हणतो, कारण दिवसभर त्या लोकांच्या कानात बारीकमोठे टूं सोडत असतात. ऐकू आलं की पेशंटने हातातलं बटण दाबायचं, की यंत्रावर दिवा लागतो, आणि ताई कागदावर खूण करतात, बारीक आवाजाची वर, मोठ्या आवाजाची खाली. एवढंच काम. पण एवढ्याच कामाने माणसाचा पार चोथा कसा होतो, ते टूंताईंना विचारावं. येणारा प्रत्येक जण कमी ऐकणारा, प्रत्येकाला तेच मोठ्याने समजावायचं, आणि समजावून झालं की तो म्हणणार, "काय म्हणालात?"

त्यात पेशंट लबाड. कोणी काचेतून हाताची हालचाल बघून दाबतो, कोणी नुसत्या तालावर. म्हणून ताई कधी ताल धरत नाहीत. लागोपाठ दोन टूं, मग चांगला मोठा थांबा, मग एक. शिकायला येणाऱ्या मुलींनाही त्या बजावतात, "ताल धरलात की कान नाही, माणसाची हुशारी तपासून बसाल."

घरी पोचेपर्यंत त्यांचा घसा बसलेला असायचा आणि डोकं भणभणत असायचं. मग त्यांना शब्द नको व्हायचा, बोलायलाही आणि ऐकायलाही. आणि नवरा मिळाला होता बोलका शिंपी. कोणी माप देताना पोट आत ओढलं, कोणाची कॉलर तिसऱ्यांदा उसवावी लागली, हे सगळं तो दिवसभर बायकोसाठी साठवून ठेवायचा. ताई भाजी चिरता चिरता "हं" म्हणायच्या. हं म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं, इतकीच ताकद उरलेली असायची.

असंच एका सकाळी, ताई चपला घालत असताना तो म्हणाला, "अगं, उजव्या कानात दडा बसलाय. झोपताना ठीक होता. शिट्टीसारखं वाजतंय आत."

"मळ असेल," ताई म्हणाल्या. "आत काही घालू नका. बघू सवडीने."

ती सवड काही आली नाही. त्याने पुन्हा आठवण केली नाही, बायको दमून येते म्हणून. आठवडा उलटून गेल्यावर एकदा त्याचा फोन वाजला. त्याने तो सवयीने उजव्या कानाला लावला, कपाळाला आठी घातली आणि डाव्या कानाला नेला. ताईंना त्या सकाळचं बोलणं आठवलं. एका रात्रीत एकाच कानाला दडा आणि वर शिट्टी, असं एखाद्या परक्याने सांगितलं असतं तर त्यांनी त्याला हाताला धरून त्याच दिवशी डॉक्टरांपुढे बसवला असता.

कानाच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण कामाला पक्क्या. "हा मळ नाही," त्या म्हणाल्या. "आतल्या नसेचं दुखणं आहे. यात पहिले दिवस फार मोलाचे असतात," आणि चिठ्ठी लिहायला घेतली. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी भागेना, ताईंनी पुन्हा तपासलं तर उजव्या कानाच्या खुणा कागदाच्या तळाशीच पडल्या, तेव्हा इंजेक्शन. पूर्वी गोळ्या द्यायच्या आणि वाट बघायची, एवढंच हातात होतं. आता कानाचा पडदा बधिर करून बारीक सुईने औषध थेट कानात सोडतात. शिंपी त्यावरही म्हणाला, "माझ्या सुईपेक्षा बारीक आहे यांची, पण टाका कुठे दिसत नाही." ताईंना हसू आलं नाही.

शेवटचं इंजेक्शन होऊन गेल्यावर कान परतला की नाही, हे बघायचा दिवस आला. ताईंच्या जोडीच्या दुसऱ्या बाई तपासायला तयार होत्या, पण ताई म्हणाल्या, मीच करते. सगळे पेशंट संपवून त्यांनी नवऱ्याला आत बसवलं. डाव्या कानात खरखर सोडली, कारण तसं केलं नाही तर चांगला कान भोळ्या भावासारखा दुसऱ्याचंही काम उरकून टाकतो. मग उजव्या कानात आवाज दिला.

दिवा लागला.

आवाज बारीक केला. दिवा लागला. आणखी बारीक केला, तरी लागला. मागच्या वेळी कागदाच्या तळाशी पडलेल्या खुणा वर सरकायला लागल्या. ताईंना समोरचं नीट दिसेना, डोळे भरून आले होते. परतला, परतला, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या आणि हात चालत होता. टूं, थांब. टूं, थांब.

मग त्यांचं आपल्याच हाताकडे लक्ष गेलं. दमलेल्या हाताने ताल धरला होता. आणि आत बसलेल्या माणसाचा जन्म पायमशीन चालवण्यात गेला होता.

त्यांनी हात मांडीवर घेतला. आवाज दिलाच नाही.

दिवा लागला. जरा वेळाने पुन्हा लागला. काचेपलीकडून नवरा त्यांच्या तोंडाकडे बघत होता आणि थोडं हसत होता.

ताईंनी जाड दार उघडलं आणि त्याच्या कानांवरचे हेडफोन काढले. "मी काही वाजवलंच नव्हतं."

"कधी?"

"आत्ता. दोनदा."

तो बटणाच्या वायरीशी चाळा करत राहिला. "मागच्या वेळी तो कागद बघून तू जी हातपाय गाळून बसलीस ना," तो म्हणाला, "म्हटलं, एकदा तरी तुझ्या मनासारखं होऊ दे. डावा आहे की मला."

ताईंना राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. त्याने सांगितलं तेव्हा आपण ऐकलं नाही, आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून हा न ऐकता बटण दाबतोय. हे त्यांना सहन होईना.

त्यांनी त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. "ऐकू आलं तरच दाबा," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नका दाबू."

मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, ताल मोडून, हवा तेवढा वेळ घेऊन. दिवा बराच वेळ लागला नाही. आवाज अगदी मोठा केला तेव्हा एकदा लागला. खुणा जिथल्या तिथे, तळाशीच पडल्या. ताईंनी त्या नीट गोल काढल्या आणि यंत्र बंद केलं.

"बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात पोचवणारं यंत्र मिळतं आता," बाहेर पडताना त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात लावून बघू."

"बघू सवडीने," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

बसमध्ये ताई त्याच्या डाव्या बाजूला बसल्या. पाय ठणकत होते, मान सीटला टेकवून डोळे मिटावेत असं फार वाटत होतं.

"आज दुकानात काय झालं?" त्यांनी विचारलं.

तो जरा बिचकला. "काही नाही गं. तू दमलीयेस."

"दमलेय. सांगा."

मग त्याने सुरुवात केली. आणखी एक तिसऱ्यांदा उसवलेली कॉलर, गिऱ्हाईक काय म्हणालं, याने काय सुनावलं, आणि सुनावलं नाही ते काय सुनावायला हवं होतं. घराचा थांबा आला तरी कॉलर संपली नव्हती. उतरल्यावर ताई दिव्याच्या खांबाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मग?"