न उगवलेल्या पानांचा वास

नवेगाव बांधच्या तलावातल्या मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती रोज सकाळी आमच्या सडक अर्जुनीच्या गल्लीतून जायची. नाव मी कधी विचारलं नाही. फाटकाजवळच्या कुंडीत मी तेव्हा लेमन बाम पेरलं होतं. पुदिन्यासारखं झाड, पानाला लिंबाचा वास. बी इतकं बारीक की वर माती टाकायची नाही, त्याला उजेड लागतो.

ती थांबली. कोऱ्या मातीच्या वीतभर वर हवेतच चिमटीनं काहीतरी खुडलं, चोळलं आणि बोटं नाकाशी नेली.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"वास घेऊन राहिली. लिंबाचा होय ना?"

मी तिला काही सांगितलं नव्हतं.

पुढे एकदा तिनं भिंतीच्या कोपऱ्यातली हवा खुडली. तिथे मी काही पेरलं नव्हतं. वर्षभरानं तिथे लेमन बाम उगवलं. बी सांडलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

शेवटची आली तेव्हा मी दारातच उभी होते. ती वाकली, माझ्या पावलांजवळ चिमूट घेतली आणि माझ्या पलीकडे घरात पाहिलं.

"उंबऱ्यात रान गच्च झालं बाई," ती हळूच म्हणाली. "कोनी येत-जात नाही वाटते आता."

मी इथे एकटीच राहते. तेव्हापासून दार दिवसभर उघडं ठेवते, काम नसताना आत-बाहेर करते.

आज झाडताना उंबऱ्याच्या फटीत दोन इवली पानं दिसली. चोळली की कळेल कशाची ते. मी झाडू भिंतीला टेकवला आणि पुन्हा एकदा बाहेर जाऊन आत आले.