हात जुन्याच जागी गेला

गॅरेजवाल्याच्या वडिलांना घरातलं कुणी ओळखू येत नसे, पण गाडी ओळखू येई. तरुणपणी शर्यतीत पळवलेली, दोन दारांची बुटकी स्पोर्ट्स कार. ती गॅरेजच्या कोपऱ्यात बंद उभी असे. रोज सकाळी ते तिच्यात बसून लांब दांड्याने गिअर टाकत. पहिला डावीकडे मागे, दुसरा पुढे, नेहमीच्या गाड्यांच्या उलट. हात कधी चुकला नाही. आणि मग उतरताना, तेवढ्यापुरतं मुलाला ओळखून म्हणत, "चल बाळ्या, घरी."

पण दांडा अडायचा आणि म्हाताऱ्याचा खांदा भरून यायचा. मुलाला ते बघवेना. हाडाचा मेकॅनिक तो. दुखतंय म्हटलं की पाना उचलणार! त्याने जुना गिअरबॉक्स भंगारात दिला, नंतरच्या मॉडेलचा आणून बसवला, वर वीतभर दांडा. "बसा बाबा. लोण्यासारखा पडतो बघा."

वडील बसले. हात जुन्या जागी गेला आणि हवेतच मिटला. खाली चाचपडून दांडा सापडला, तर मागे पहिला नव्हता, दुसरा होता. पुन्हा ओढून पाहिला. पुन्हा.

"जुनाच बसवा ना परत," दारातून मुलाची बायको म्हणाली.

"भट्टीत गेला तो."

वडील सावकाश उतरले आणि मुलाकडे बघून संकोचून हसले.

"माफ करा हं साहेब, चुकून तुमच्या गाडीत बसलो. आमचा बाळ्या इथेच असतो ना? त्याला जरा हाक मारता?"