काकडी आणि पाठ

सत्तरच्या दशकात मी सांगलीला बी.एस्सी. करत होते. कोंबडीच्या गर्भाचं प्रॅक्टिकल आलं तेव्हा आमच्या सरांनी फर्मान काढलं, पोल्ट्रीची अंडी चालणार नाहीत, त्यांत जीव धरत नाही, गावठीच आणा. माझं गाव वडूजजवळ. दिवाळीच्या सुट्टीहून परतताना वहिनीने आपल्या कोंबडीची सहा अंडी डब्यात कोंडा घालून रचून दिली. "पर आत काय दिसलं ते मला सांगायचं हां, वन्सं," एवढीच तिची अट.

तिचं पहिलं बाळ पाच वर्षांपूर्वी उघड्या पाठीचं जन्मलं आणि चौथ्या दिवशी गेलं. ती सातव्या महिन्यात असताना सूर्यग्रहण लागलं होतं. बाळ गेल्यावर आईने सगळ्यांना विचारलं, ग्रहणात कुणी काय चिरलं का? मी चौदा वर्षांची, खरं बोलायची भारी हौस! वहिनीने विळीवर काकडी चिरली, असं सांगून मोकळी झाले. ती कुणी मागितली, ते मात्र गिळलं. भूक मला लागली होती. तेव्हापासून घरात तिला कुणी टाकून बोललं नाही. फक्त कुणाच्या डोहाळजेवणात तिला ओटी भरायला बोलवत नसत.

कॉलेजात एक दिवस उबवलेलं पहिलं अंडं फोडलं. भिंगाखाली पाठीच्या जागी एक पन्हळ दिसली, दोन्ही कडा उचललेल्या. दोन दिवस उबवलेल्या अंड्यात त्या कडा करंजीसारख्या जुळून नळी झाली होती. सर म्हणाले, मेंदू आणि पाठीच्या कण्यातली दोरी होते ती या नळीचीच. तिच्याखालची दांडी वरच्या पापुद्र्याला रसायनातून निरोप धाडते, मग तो पापुद्रा दुमडायला लागतो.

"कोणतं रसायन, सर?"

"ते अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही."

"आणि कडा जुळल्याच नाहीत तर?"

"पाठ उघडी राहते. माणसात हे सगळं पहिल्या महिन्यातच उरकतं. पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं."

मला आनंद झाला, तोही आधी माझी काकडी सुटल्याचा, आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की उरलेली अंडी मी मैत्रिणीला देऊन टाकली.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा वहिनी भाकरी थापत होती. तिच्याच पिठाच्या गोळ्यात मी बोटाने पन्हळ काढली, कडा जुळवून दाखवल्या, पहिल्या महिन्याचं सांगितलं. ती पिठाच्या बोटांवर महिने मोजू लागली. सातव्यावर आली आणि थांबली.

"म्हंजे गिराण लागलं तवा पाठ..."

"कवाच ठरली होती, वैनी. काकडीनं काय झालं न्हाई. आन् ती काकडी मी मागितली होती. आईला मी ते सांगितलंच न्हाई."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मला काय ठावं न्हाई व्हय? मी बी न्हाई सांगितलं. एवढुशा व्हता तुमी. ह्या पोरीनं बाळ खाल्लं, आसं जल्मभर म्हनले आसते."

म्हणजे पाच वर्षं ती मनात हेच धरून होती, की बाळ माझ्या काकडीपायी गेलं. आणि मला दर सुट्टीला डबा भरून देत होती.

तेवढ्यात आई दुधाची चरवी घेऊन गोठ्यातून आली. मी पिठाचे हात तसेच घेऊन उठले. "आई, बस जरा," म्हटलं, "त्या ग्रहणात भूक मला लागली होती."